थांबण्याचा भाव: काढणी झाली की शेतकरी सोयाबीन लगेच का विकतो?

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकांनी विचारलंय: "आम्ही गोदाम उभं केलं, माल तारण ठेवून कर्ज मिळायची सोय केली, दिवाळीचा भाव आणि उन्हाळ्यातला भाव यांचे तक्ते सभासदांना दाखवले. बैठकीत सगळे माना डोलावतात. आणि मळणी झाली की तिसऱ्या दिवशी माल आडतीवर. लोकांत धीरच नाही, धोका पत्करायची तयारी नाही, असं म्हणून सोडून द्यायचं का? की माणूस अशी निवड का करतो याचं काही शास्त्र आहे?"

शास्त्र आहे, आणि त्यातला एक मोलाचा तुकडा तुमच्या जवळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावांशी जोडलेला आहे. तिथे येतोच. आधी माझी कबुली. कृषी अर्थशास्त्र शिकून या पट्ट्यात शेतकरी गटांच्या विक्रीचं काम करायला लागलो त्याला आता बावीस वर्षं होतील. पहिली चार-पाच वर्षं मीही असेच तक्ते घेऊन हिंडलो. औसा तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर माझं बोलणं संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, "सायेब, तुमचा पगार कोणत्या तारखेला होतो?" मी म्हटलं, एक तारखेला. "आन् आमचा?" एवढं म्हणून ते धोतर झटकून उठले. त्या वेळी मला तो टोमणा वाटला होता.

तुम्ही एका वाक्यात दोन आरोप केलेत. "धीर नाही" हा उशिराबद्दलचा आहे आणि "धोका नको" हा अनिश्चिततेबद्दलचा. दोन्ही वेगळे आहेत, त्यांचे उपायही वेगळे. आणि तिसरी गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, ती म्हणजे थांबलं की जास्त पैसे मिळतात. माझ्या पाहण्यात घोळ बहुतेक वेळा याच तिसऱ्या ठिकाणी असतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

वीस क्विंटल सोयाबीनचा हिशोब मांडू. ऑक्टोबरात भाव ४,४०० आहे असं धरा. आज विकलं तर ८८,००० रुपये. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. म्हणजे ६६,००० हातात आणि सहा महिन्यांचं व्याज साधारण १,९८०. वाहतूक आणि दुसऱ्यांदा लागणारी हमाली मिळून २,००० धरू. माल वाळून, सांडून दोन टक्के घट आली तर शेवटी काट्यावर १९.६ क्विंटल भरेल. आता सांगा, भाव किती झाला म्हणजे हा माणूस आजच्या ८८,००० च्या बरोबरीला येतो? जवळपास ४,७००. क्विंटलमागे तीनशे रुपये वाढेपर्यंत थांबण्याचं काहीच हाती लागलेलं नाही, आणि वरचे २२,००० सहा महिने अडकून राहिले ते निराळेच.

दुसरा शेतकरी घ्या. त्याला सातबारा, पेरा, पावत्या घेऊन बाजार समितीत खेटे घालायचे नाहीत. तो गावातूनच शेकडा तीनने ६६,००० उचलतो. सहा महिन्यांचं व्याज ११,८८०. माल घरातच ठेवला, वाहतूक वाचली, तरी त्याला बरोबरीसाठी ५,१०० च्या आसपास भाव लागतो. एप्रिलमध्ये ४,९०० झाला तर पहिला चार हजार कमावतो आणि दुसरा तितकेच गमावतो. तुमच्या तक्त्यावर मात्र दोघांना एकच आकडा दिसतो.

आणि तो भाव येतो का? २०२० च्या दिवाळीत चार हजारांच्या आसपास विकून मोकळे झालेल्यांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत दहा हजारांचा आकडा पाहिला. त्या पावसाळ्यात मी गावोगाव एकच वाक्य ऐकलं: "घाई केली." मग त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन जनुक-सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवं पीक आलं, भाव निम्म्यावर आला. डिसेंबरमध्ये बाजार नियंत्रक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, थांबवले. पुढे २०२२ ची काढणी पाच हजारांच्या आसपास झाली. ज्यांनी "या वेळी घाई करायची नाही" असं ठरवून माल वर्षभर ठेवला, त्यांनी २०२३ मध्ये त्याहून कमी भावाने विकला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. एका वर्षाने जो धडा शिकवला तोच पुढच्या तीन वर्षांत अंगाशी आला.

याला कारण आहे. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. म्हणजे भाव ठरतो पेंडेच्या मागणीवर आणि खाद्यतेलाच्या आयातीवर. ब्राझील-अर्जेंटिनाचा माल फेब्रुवारीपासून जगाच्या बाजारात येतो, नेमका तुमच्या थांबण्याच्या काळात. तेलाचं आयात शुल्क वर-खाली होतं ते दिल्लीत. त्यामुळे काढणीला पडलेला भाव उन्हाळ्यात आपोआप चढतो, असा नियम सोयाबीनला लावता येत नाही. एखाद्या वर्षी चढतो. ज्याला तुम्ही "धीर" म्हणताय तो इथे अर्धा सट्टा आहे, आणि तुमचे सभासद ते ओळखून आहेत. फक्त तुमच्यासमोर बोलत नाहीत, कारण गोदामाच्या उद्घाटनाला त्यांनी पेढे खाल्लेत.

आता जोखमीकडे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू पट्ट्यातल्या सहा गावांचा वर्षानुवर्षं बारकाईने अभ्यास केला. त्यातली शिरापूर आणि कळमण सोलापूर जिल्ह्यातली, कंझारा आणि किनखेडा अकोला जिल्ह्यातली. त्याच कामाच्या ओघात हान्स बिन्सवँगर या अर्थतज्ज्ञाने गावकऱ्यांशी नाणेफेकीचा एक खेळ खेळला. निष्कर्ष १९८० मध्ये छापून आले. खेळ साधा होता. समोर काही पर्याय, त्यातला एक निवडायचा, मग नाणं उडवायचं. पहिल्या पर्यायात छापा पडो की काटा, पन्नास रुपये मिळणार. दुसऱ्यात छापा पडला तर ४५, काटा पडला तर ९५. पुढे एकात ३० किंवा १५०. शेवटच्यात काहीच नाही किंवा थेट २००. जसजसं पुढे जावं तसतशी सरासरी कमाई वाढते आणि वाईट पडलं तर होणारी खोटही वाढते. पैसे खरे दिले जात. सुरुवात पन्नास पैशांच्या पातळीवर, मग पाच रुपये, मग पन्नास. त्या काळी वरच्या पातळीवरची रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा मोठी होती, हे लक्षात घ्या.

पन्नास पैशांच्या पातळीवर लोक विखुरलेले होते, कुणी अगदी सावध, कुणी बेधडक. रक्कम मोठी झाली तसे जवळपास सगळे मधल्या पर्यायांकडे सरकले. पूर्ण सुरक्षित पन्नासवर चिकटून बसणारे थोडे, दोनशेच्या मागे धावणारेही थोडे. आणि महत्त्वाचं म्हणजे जमीनजुमला जास्त असणारा आणि कमी असणारा यांच्या निवडीत म्हणावा तसा फरक पडला नाही. गरीब म्हणून भित्रा, बागायतदार म्हणून धाडसी, असं काही निघालं नाही. मग शेतात एक जण विहीर खणतो, संकरित बियाणं आणतो, माल ठेवतो आणि दुसरा ठेवत नाही, हे कशामुळे? बिन्सवँगरचा रोख स्वभावाकडे नव्हता, उधार-उसनवार कुणाला कशी मिळते याकडे होता. भीती दोघांना सारखीच. एकाच्या खाली गादी आहे, दुसऱ्याच्या खाली फरशी.

हाच खेळ मी अजून खेळतो. दहा रुपयांच्या पातळीवर सुरू करतो, शेवटी पाचशेवर नेतो, आणि शेवटी एकाची चिठ्ठी काढून त्याला खरे पैसे देतो. निलंग्याकडच्या एका बचत गटात एका ताईंनी दहाच्या फेरीत थेट शेवटचा पर्याय उचलला, शून्य किंवा चाळीस. सगळ्या बाया हसल्या. पाचशेच्या फेरीत त्याच ताईंनी ४५० किंवा ९५० निवडलं. मी विचारलं, मघाशी तर लई धीट होता? "मघाचं दहाचं व्हतं. हे पोराच्या शिकवणीचं हाय." तिच्या डोक्यात पाचशे ही नुसती रक्कम नव्हतीच. त्या रकमेवर एक नाव लिहिलेलं होतं. तुमच्या सभासदांच्या पोत्यांवरही नावं असतात. हे कृषी सेवा केंद्राचं, हे मळणीयंत्रवाल्याचं, हे हरभऱ्याच्या बियाण्याचं, हे दिवाळीच्या कपड्यांचं. ज्या पोत्यावर कुणाचंच नाव नाही तेवढंच पोतं ठेवता येतं.

जोखमीची एक उलटी बाजूही आहे, आणि ती न ओळखल्याने माझ्या हातून एक मोठी चूक झाली. आधी पक्ष्याची गोष्ट. १९८० मध्येच अमेरिकेत थॉमस कराको आणि सहकाऱ्यांनी जंको नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांना दोन ठिकाणी दाणे ठेवले. एकीकडे दर वेळी ठरलेले दाणे, दुसरीकडे कधी काहीच नाही तर कधी दुप्पट. सरासरी दोन्हीकडे सारखी. पोटाची सोय नीट असलेले पक्षी ठरलेल्या दाण्यांकडे गेले. ज्यांना ठरलेल्या दाण्यांवर गरज भागणार नाही इतकं उपाशी ठेवलं होतं, ते जुगाराकडे वळले. पुढे इतर प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत चित्र एवढं स्वच्छ आलं नाही, पण त्यामागचा तर्क मला शेतात अनेकदा दिसलाय. खात्रीचा पर्याय तुम्हाला तगवत असेल तरच तो सुरक्षित. तगवत नसेल तर सुरक्षित पर्याय म्हणजे हळूहळू बुडणं.

२०२२ च्या काढणीनंतर एका गावात फक्त दोघांनी सगळाच्या सगळा माल ठेवला. एक होता तालेवार, त्याचं समजू शकत होतं. दुसरे एक मामा, पस्तीस क्विंटलवाले, लेकीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर. मी त्यांचं कौतुक केलं, बैठकीत उदाहरण म्हणून त्यांचं नाव घेतलं. बघा, मामांकडे धीर आहे! नंतर एकट्याने चहा पिताना ते म्हणाले, "आज विकून पावणेदोन लाख यायलेत. द्यायचेत साडेतीन. पावणेदोननं कुणाचंच तोंड बंद होत नाही. दहा हजारानं गेलं तर सुटतो." तो धीर नव्हता, तो उपाशी पक्षी होता. पुढच्या वर्षी त्यांनी पाच हजाराच्याही खाली विकलं. तुमच्या गोदामात सगळ्यांत जास्त दिवस पडून राहिलेला माल कुणाचा आहे हे एकदा तपासा. त्यात थोडे तालेवार निघतील आणि थोडे असे मामा निघतील. दोघांना एकाच रांगेत बसवून "धोका पत्करणारे सभासद" म्हणू नका.

मामांचा तो दहा हजाराचा आकडा कुठून आला? २०२१ मधून. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की माणूस पैसे नुसते मोजत नाही, मनातल्या एका खुणेपासून वर किंवा खाली मोजतो, आणि खुणेच्या खाली गेलेले शंभर रुपये वर आलेल्या शंभरापेक्षा बरेच जास्त टोचतात. टोचणी लांबवण्यासाठी तो आणखी धोका घेतो. दहा हजार ही लातूर पट्ट्याची खूण होऊन बसली. ५,५०० ला विकणं हा हिशोबाने नफा होता, मनाने साडेचार हजारांचा तोटा. म्हणून माल हलला नाही. विकला नाही तोवर तोटा झाला नाही, ही समजूत शेअर बाजारात जितकी आहे तितकीच पत्र्याच्या शेडमध्येही आहे. तुमच्या तक्त्यात २०२१ चा उंच खांब असेल तर तो काढून टाका, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या शेजारी २०२३ आणि २०२४ चे खांब तितक्याच जाड रंगात काढा.

उशिराबद्दल आता. इथे तुमचं म्हणणं थोडं बरोबर आहे. खरा उतावळेपणाही असतो, आणि तो सगळ्यांत असतो, तुमच्या-माझ्यात धरून. जेम्स मेझर यांनी १९८७ मध्ये कबुतरांच्या प्रयोगांवरून एक सूत्र मांडलं. मिळणाऱ्या गोष्टीची किंमत उशिराबरोबर उतरते, पण सरळ रेषेत नाही. पहिल्या काही क्षणांत कड्यावरून पडावी तशी उतरते, नंतर उतार मंद होतो. माणसांच्या पैशाबद्दलच्या निवडींतही तसाच वाकडा उतार सापडतो. त्यामुळे होतं काय, की दोन्ही पर्याय लांब असताना माणूस मोठा आणि उशिराचा निवडतो. जवळचा पर्याय हाताशी आला की मत फिरतं. आज शंभर की उद्या एकशेदहा, यात शंभर उचलणारा माणूस तीस दिवसांनी शंभर की एकतीस दिवसांनी एकशेदहा, असं विचारलं की एकशेदहा म्हणतो.

तुमच्या जूनच्या बैठकीत माना डोलतात त्या खोट्या नसतात. जूनमध्ये ऑक्टोबरही लांब आणि एप्रिलही लांब, तेव्हा एप्रिल मोठा दिसतो. मळणीयंत्र बांधावर आलं, ट्रॉली भरली, आडत्याचा फोन आला, "आणता का, आज मॉइश्चर कापत नाही," की रोख रक्कम दोन तासांवर येते. त्या क्षणी एप्रिल कुठल्या कुठे जातो. म्हणून जूनमधलं मत हे ऑक्टोबरातल्या विक्रीचं भाकीत समजू नका. ते एक इच्छापत्र आहे. त्याचा उपयोग करायचा असेल तर जूनमध्येच काहीतरी सही करून घ्यायला हवं, ऑक्टोबरात पुन्हा विचारायला नको.

पण उशीर सोसवत नाही असं जे दिसतं, त्यातला मोठा भाग उशिराचा नसतोच, भरवशाचा असतो. मुलांना एक गोड वडी आत्ता की थांबलास तर दोन, असा स्टॅनफर्डचा वॉल्टर मिशेल यांचा जुना प्रयोग सगळ्यांना पाठ आहे. त्याची २०१३ मधली एक आवृत्ती जास्त कामाची आहे. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी वडीच्या आधी मुलांना एक छोटी परीक्षा दिली. चित्र काढायला चांगले रंग आणून देते, थोडं थांब, असं समोरच्या बाईने सांगितलं. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. निम्म्यांना परत येऊन सांगितलं, अगं, नाहीयेत, आहेत त्यावरच भागव. मग वडीची पाळी आली. वचन पाळलेलं पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसलेली मुलं तीन. मुलांच्या स्वभावात फरक नव्हता, समोरच्या बाईच्या शब्दात होता.

आता तुमच्या सभासदांना गेल्या काही वर्षांत कोणकोणत्या बायकांनी रंग आणून देते म्हणून सांगितलं ते आठवा. थांबा, भाव वाढेल; मग आयात. हमीभावाने घेऊ, नोंदणी करा. मग बारदाना संपला. मी ज्या गटाबरोबर काम करत होतो त्याने एका वर्षी एका खरेदीदाराला माल दिला, पैसे आठ दिवसांत येणार होते, ते आले संक्रांतीनंतर. एका बाईंनी मला त्या दिवाळीत फोन केला होता. बोलल्या काहीच नाहीत, नुसतं "झालं का काही?" एवढंच. पुढच्या वर्षी त्यांनी माल आडतीवर नेला आणि मला वाटेत पाहून ट्रॅक्टर थांबवलाही नाही. आडत्या क्विंटलमागे चार पैसे कमी देतो, कडता धरतो म्हणजे वजनात घट कापतो, सगळं खरं. पण संध्याकाळी विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात देतो. अडीअडचणीला मध्यरात्री दार उघडतो. वीस वर्षं शब्द पाळलेल्या माणसाला सोडून दोन वर्षांच्या कंपनीकडे यावं, तर त्या दोन वर्षांत तुम्ही किती वेळा ठरल्या तारखेला पैसे दिलेत, हा पहिला हिशोब.

गावाला जोखीम कळत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो, थोडी विषयांतराची. त्याच इक्रिसॅटच्या गावांची माहिती वापरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये दाखवलं की लेकी दूरच्या गावी देण्यामागे पावसाचाही हिशोब असतो. एकाच पट्ट्यात सोयरीक केली तर दुष्काळ दोन्ही घरांवर एकदम येतो. लांब दिली तर एका घरी पाऊस चुकला तरी दुसऱ्या घरून हातभार लागतो. अशी सोयरीक असलेल्या घरांत वाईट वर्षी ताट तितकं रिकामं होत नव्हतं. विमा कंपनी यायच्या कितीतरी आधी लोकांनी लग्नातून विमा काढलेला. या लोकांना तक्ता समजत नाही असं वाटत असेल तर तक्ता तपासावा.

मग करायचं काय? केनियात दोन प्रयोग झाले, ते तुमच्या कामाला थेट लागू पडतील. पहिला एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांचा. शेतकरी म्हणायचे, पुढच्या हंगामाला खत घेणार. पेरणीला हातात पैसे उरायचे नाहीत. संशोधकांनी काढणी झाल्या झाल्या, हातात पैसे असतानाच गाठलं: आत्ता पैसे भरा, पेरणीला खत घरपोच, पोचवायचा खर्च आमचा. एवढ्याशा सवलतीने खत घेणाऱ्यांचं प्रमाण जितकं वाढलं, तितकं नंतर निम्म्या किमतीची सूट देऊन वाढायचं. तीच घरपोच सोय पेरणीच्या वेळी देऊ केली तर तितका परिणाम झाला नाही. पैसे तेच, खत तेच, तारीख वेगळी.

दुसरा, मक्याचा. मार्शल बर्क, लॉरेन बर्गक्विस्ट आणि एडवर्ड मिगेल यांनी २०१९ मध्ये छापला. काढणीच्या वेळी शेतकऱ्यांना कर्ज दिलं, म्हणजे त्या वेळची देणी भागली. त्यांनी मका ठेवला, नंतर चढ्या भावाने विकला, आणि कर्जाचं व्याज फेडूनही फायद्यात राहिले. कुणीही त्यांना धीराचं व्याख्यान दिलं नव्हतं. पण यातली दुसरी ओळ लोक वाचत नाहीत. ज्या भागात बऱ्याच जणांना कर्ज मिळालं तिथे सगळ्यांनीच माल ठेवल्याने काढणी आणि नंतरच्या भावातलं अंतरच कमी झालं, फायदा पातळ झाला. तिथल्या मक्याला काढणीनंतरची भाववाढ दरवर्षीची असते. तुमच्या सोयाबीनला ती नाही, हे वर लिहिलंच आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर भावाचा तक्ता गुंडाळून ठेवला असता आणि प्रत्येक सभासदाबरोबर तारखांचा तक्ता केला असता. एक कोरा कागद, ऑक्टोबर ते मार्च. कुणाचे किती, कधी द्यायचे. औशाच्या आजोबांनी मला तेच विचारलं होतं. त्यांचा पगार वर्षातून एकदा होतो आणि देणेकरी सगळे त्याच आठवड्यात दारात उभे. मी हे काम काही गावांत केलंय. बहुतेक घरांत असं निघतं की काढणीनंतरच्या तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त माल कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढलेला असतो, आणि त्यातली दोन-तीन देणी थोडं बोललं तर पुढे सरकू शकतात. कृषी सेवा केंद्राची उधारी ही त्यातली सगळ्यांत मोठी. कंपनीने दुकानदाराला हमी दिली, "आमच्या सभासदाचं डिसेंबरअखेर देतो," की सहा-सात पोती मोकळी होतात. तारण कर्जाची रक्कम माल गोदामात उतरला त्याच दिवशी खात्यात पडली पाहिजे. पंधरा दिवसांनी पडणारं तारण कर्ज हे आडत्याच्या पट्टीसमोर हरणारच. तेवढ्यासाठी कंपनीला आधीच थोडी रक्कम बाजूला काढून ठेवावी लागेल, आणि हे तुमच्या संचालक मंडळाला गोदामाला रंग देण्याइतकं आवडणार नाही.

मग ठेवायला सांगा ते सगळं नाही. ज्याच्याकडे वीस क्विंटल आहे त्याने बारा विकावेत, पाच जानेवारीत, तीन मार्चमध्ये, आणि या तारखा जूनमध्येच लिहून सही करून ठेवाव्यात. तारीख आली की विकायचं, भाव कितीही असो. यात दहा हजाराची खूण गाठायची वाट बघायला जागाच उरत नाही, आणि पहिल्या खेळातला ४५ किंवा ९५ चा पर्याय त्यांना परत मिळतो: वाईट पडलं तर थोडंच गेलं, चांगलं पडलं तर बरंच आलं. शिरापूर-कळमणच्या बाजूची माणसं पन्नास वर्षांपूर्वी जिकडे सरकली होती तिकडेच तुमची सरकतील. मामांसारख्यांना मात्र यात बसवू नका. त्यांचा प्रश्न विक्रीचा नाही, कर्जाचा आहे. त्यांच्याबरोबर सावकाराकडे किंवा बँकेत जाऊन बसावं लागतं, गोदाम त्यांना काही देऊ शकत नाही.

आणि पहिल्या वर्षी गोदाम भरलं का हे मोजू नका. किती सभासदांनी दोन का होईना, पोती ठेवली. जानेवारीच्या ठरल्या तारखेला त्यांना संध्याकाळपर्यंत पैसे मिळाले का. आणि त्यातले किती जण दुसऱ्या वर्षी तीन पोती घेऊन आले, हे एका वहीत लिहा. माझ्याकडे अशा एका गावाची सहा वर्षांची वही आहे. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत, त्यातल्या एकासमोर लिहिलंय: "एक कट्टा, बघायला."